अण्णांच्या मरळी आणि शेषेरावची विहीर

आमच्या गावात मरळ कुठं बसली आहे हे काठावरून नुसतं बघून सांगणारा माणूस एकच, आणि त्यानं जन्मात कधी मासा तोंडात घातलेला नाही. गुरुबसप्पा अण्णा. वय एकसष्ट, किराणा दुकान, गळ्यात लिंग, कपाळावर विभूतीचे तीन आडवे पट्टे. घरात अंडंसुद्धा येत नाही. बाहेरगावची माणसं हे ऐकून हसतात. हसू द्या. ज्यांनी अण्णांना डोहाच्या काठावर उभं राहिलेलं बघितलं नाही, त्यांच्याशी मी वाद घालत बसत नाही.

मी अमरनाथ. अण्णांच्या दुकानाला भिंत लावून माझं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी लोक माझ्याकडं आणतात, मी त्यातली जुनी तार काढून नवी भरून देतो. आम्ही बावीस वर्षं शेजारी आहोत. अण्णांचे गळ, दोरी, काठी सगळं माझ्या दुकानात असतं, कारण त्यांच्या बायकोची, म्हणजे बसम्मा वहिनींची, तशी अट आहे. वहिनींचं माहेर बिदरकडचं. रागावल्या की कानडीत बोलतात, खुशीत असल्या की मराठीत.

"धरता, आन सोडता. मग धरताच कशाला?" त्या विचारायच्या.

"सोडायचं म्हणलं तर धरावंच लागतंय की," अण्णा म्हणायचे, आणि वहिनी कानडीत सुरू व्हायच्या.

निलंग्याहून आमच्या गावाला येताना मांजरा नदी लागते. गावाखाली तिला वळण आहे आणि वळणावर बेलडोह. पलीकडचा काठ कर्नाटकचा. या डोहात पूर्वी मरळ म्हणजे मायंदाळ होती. काळी पाठ, सापासारखं डोकं, अंगावर बुळबुळीत तेल लावल्यासारखी चमक. काटा कमी, मांस घट्ट. खाणारी माणसं तिच्यासाठी रोहू-कटल्याकडं ढुंकून बघत नाहीत. अण्णांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मरळ कशी राहते ते त्यांना माहीत होतं, चवीला कशी लागते ते नाही. सगळा घोटाळा इथंच झाला.

मरळीचं एक आहे. तिला पाण्यातल्या हवेवर भागत नाही. थोड्या थोड्या वेळानं वर येऊन तोंडानं हवा घ्यावीच लागते. बाकीचे मासे तळाला गप बसून दिवस काढतील, हिला ते जमत नाही. ती वर येते, गुळुप असा बारीक आवाज होतो, एक बुडबुडा फुटतो, की परत खाली. नवख्याला वाटतं, बेडूक असेल. अण्णा डोहावर गेले की आधी गळ सोडतच नाहीत. चपला दूर काढतात, कारण काठावर पाय आपटला की तिला कळतं. सूर्य तोंडावर घेऊन उभे राहतात, म्हणजे सावली मागं पडते. मग अर्धा तास नुसतं बघणं. बेशरमाच्या झुडपांना लागून जिथं पाणी काळं दिसतं, तिथं त्यांची नजर. दोन बुडबुडे मोजून ते सांगणार, "दोन हायत. एक थोरली, एक तिच्या मागं. थोरली त्या वाकलेल्या फांदीखाली बसली बघ."

मी फांदीखाली डोळे फोडून बघायचो. मला फांदी दिसायची.

मरळ धरायला लोक जिवंत बेडकी गळाला लावतात. अण्णांना ते चालायचं नाही. त्यांनी त्यावर तोड काढली होती. मोटारसायकलच्या फुटक्या ट्यूबमधून अंगठ्याएवढा तुकडा कापायचा, त्याला दोन पाय कातरायचे आणि माझ्या दुकानातल्या बारीक तांब्याच्या तारेनं गळाला गुंडाळून टाकायचं. ती रबराची बेडकी पाण्याच्या अंगावरून टुकटुक ओढत आणायची. ओढायची, थांबायची. ओढायची, थांबायची. त्या थांबण्यातच सगळं कसब आहे. मरळ तेवढ्यात खालून येऊन खाडकन तोंड मारते, पाणी उडतं, आणि नवखा माणूस तिथंच घाई करून झटका देतो. बेडकी तोंडातून सुटून त्याच्याच अंगावर येते. अण्णा त्या वेळी डोळे मिटून कानडीत मोजायचे. ओंदु, एरडु, मूरु, नालकु, ऐदु. पाचाला काठी उचलायची. पाच म्हणेपर्यंत ती बेडकी नीट तोंडात घेऊन वळलेली असते.

मग ओल्या फडक्यानं डोक्यामागं धरायचं, गळ काढायचा, तिला क्षणभर बघायचं आणि परत सोडायचं. एवढ्यासाठी हा माणूस आठवड्यातून दोनदा दुकान बायकोवर टाकून यायचा. मला आधी वाटायचं, डोक्यात थोडा फरक असावा. पुढं मीच त्यांच्या मागं मोटारसायकल घेऊन जायला लागलो.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात, लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी, बेलडोह आटत आटत एका खोलीएवढा राहिला. मरळी चिखलात तोंड वर करून पडल्या होत्या. वरून घारी, काठावरून माणसं. कोणी मच्छरदाणी घेऊन उतरलं होतं, कोणी टोपली. अण्णा तिथं दोन दिवस गुडघाभर चिखलात होते. हातानं, गळानं, जमेल तशा अकरा मरळी त्यांनी काढल्या आणि ओल्या पोत्यात गुंडाळल्या. मरळ ओल्या पोत्यात दोन-चार तास सहज जगते. पण ठेवायच्या कुठं? गावात सगळ्या विहिरींचा तळ दिसत होता. एकच विहीर अशी होती जिचा झरा आटला नव्हता. शेषेरावची.

शेषेराव म्हणजे गावचा मोठा बागायतदार. अण्णांचा बालपणापासूनचा दोस्त. अण्णा त्याला शेषा म्हणतात. मी तोंडावर मालक म्हणतो, इथं म्हणणार नाही. अण्णांच्या मुलाच्या, वीरेशच्या लग्नात पंगतीत वाढायला सगळ्यात पुढं हाच होता. त्या दिवशी अण्णा पोती घेऊन गेले तेव्हा त्यानं शेतातलं काम सोडून विहिरीचं फाटक उघडून दिलं.

"तुझ्या मासोळ्या म्हंजे माझ्या पाव्हण्या बसप्पा," तो म्हणाला. "नदीला पानी आलं की सोडू. फिकीर करू नको."

त्या वर्षी पाणी आल्यावर खरंच सोडल्या. मी होतो. शेषेराव स्वतः जाळं घेऊन विहिरीत उतरला होता, हे मला सांगायलाच पाहिजे. माणूस पहिल्या दिवसापासून तसा नसतो.

पुढं दर उन्हाळ्याला हीच रीत पडली. डोह आटायला लागला की अण्णा मरळी धरणार, शेषेरावच्या विहिरीत ठेवणार, नदी भरली की शेषेराव त्या सोडणार. नदी नीट भरते श्रावणात. आणि श्रावणात अण्णा गळाला हात लावत नाहीत, डोहाकडं फिरकत नाहीत. सकाळी लिंगपूजा, संध्याकाळी मठात पुराण. मासा नुसता बघायचासुद्धा नाही, असा त्यांचा नेम. त्यामुळं मरळी सोडताना ते कधी नसायचे. श्रावण संपला की शेषेराव दुकानावर येऊन सांगायचा, "सोडल्या रे. पोहत गेल्या बघ, शेपट्या हालवत." अण्णा त्याला शेंगदाण्याचे लाडू द्यायचे.

आता श्रावणाच्या आधीचा महिना आषाढ, म्हणजे आखाड. खाणाऱ्यांच्या घरी श्रावणात महिनाभर मटण-मासा चुलीवर चढत नाही, म्हणून आखाडात जो तो हात मारून घेतो. हे अण्णांना कसं कळणार? त्यांच्या घरी आखाड म्हणजे तळलेल्या कापण्या. शेषेरावनं सतरा सालापासून आपल्या शेतात आखाडी सुरू केली. विहिरीशेजारी चिंचेखाली पंगत, मरळीचा रस्सा, ज्वारीची भाकरी, भात. पहिल्या वर्षी पंधरा माणसं, मग तीस, मग चाळीस. तालुक्याचे साहेब यायला लागले. जिथं अर्ज करून काम होत नव्हतं तिथं मरळीच्या डोक्यावर व्हायला लागलं. एकवीस साली शेषेराव बिनविरोध सरपंच झाला. गावातल्या लिंगायतांची घरं सोडली तर सगळ्यांना आखाडीचं बोलावणं असायचं. मलाही असायचं, आणि मी जायचो.

मरळ कुठली, असं कोणी विचारलं की शेषेराव सांगायचा, "लिंबोटीच्या धरणावरनं मागवली." मीही दोन वर्षं तेच समजून खाल्ली. तिसऱ्या वर्षी, म्हणजे एकोणीस साली, कापायला माणूस कमी होता म्हणून मी चाकू घेऊन बसलो. एका मोठ्या मरळीचं पोट फाडलं तर आत काळं रबर निघालं. दोन पाय कातरलेले. वर माझ्या दुकानातली तांब्याची तार, मीच गुंडाळून दिलेली. त्या उन्हाळ्यात अण्णांची एक बेडकी तारेसकट गळावरून निसटून मरळीच्या पोटात राहिली होती. दोन दिवसांनी तीच मरळ दुसऱ्या बेडकीवर आली, तेव्हा अण्णांनी तिला विहिरीत ठेवलं आणि मला चार वेळा विचारलं होतं, "पोटातलं रबर तिला जाचल का रे?"

ते रबर मी खिशात घातलं. हात धुतले. आणि पंगतीत बसून जेवलो. ही गोष्ट कोणी दुसऱ्यानं माझ्याबद्दल सांगण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी.

का बोललो नाही? माझं दुकान ग्रामपंचायतीच्या जागेवर आहे, हे एक. शेषेरावनं एकदा हसत हसत आठवण करून दिली होती, हे दुसरं. पण खरं कारण लाजेचं आहे. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर ती शेषेरावची लबाडी झाली असती. महिन्यानंतर सांगितलं असतं तर माझीही झाली असती. वर्ष गेल्यावर सांगायला तोंडच राहिलं नाही. आणि मी काही एकटा नव्हतो. पंगतीतल्या निम्म्या लोकांना कुणकुण होती. न्हावी, शिक्षक, पोस्टमन, सगळे अण्णांच्या दुकानातून साखर-चहा नेणारे. कोणी बोललं नाही. अख्खं गाव एका माणसाला फसवत होतं, आणि ते सोपं होतं, कारण तो माणूस मासा खात नव्हता.

इकडं डोहातली मरळ कमी होत चालली. पुराबरोबर वरून चार-दोन यायच्या तेवढ्याच. अण्णा हिशेब लावायचे. आपण इतक्या ठेवल्या, शेषानं इतक्या सोडल्या, मग गेल्या कुठं? शेषेराववर त्यांचा संशय जाणं शक्यच नव्हतं. मग दोष द्यायला उरलं कोण? ते स्वतः.

"माझ्याच गळानं मरायल्यात," ते म्हणायचे. "तोंडाला जखम होत असंल. पान्यात गेल्यावर ती चिघळत असंल. आपल्याला काय दिसतंय खालचं?"

गळाच्या टोकाला आत वळलेला एक उलटा काटा असतो, मासा सुटू नये म्हणून. अण्णा तो माझ्या ग्राइंडरवर घासून घ्यायला लागले. काटा घासला की मासा सुटायची भीती वाढते, पण जखम लहान होते. पहिल्या वर्षी अर्धा घासला. पुढच्या वर्षी मरळी आणखी कमी. अण्णा पुन्हा गळ घेऊन माझ्याकडं. "अमर, अजून लागत असंल का रे त्यांला?" मी चष्मा लावून गळ उजेडात धरायचो, बोटावर फिरवून बघायचो आणि म्हणायचो, "अजून जरा घासू, अण्णा." दुसरं काय म्हणणार होतो? गळ दोषी नाही म्हटलं असतं तर मग कोण, हा प्रश्न आला असता. शेवटी तो गळ साध्या वाकवलेल्या सुईसारखा गुळगुळीत झाला. अशा गळानं मरळ धरणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही. झटका दिल्यापासून हातात येईपर्यंत दोरी एकदाही सैल पडू द्यायची नाही. अण्णांना ते वयाच्या साठीला शिकावं लागलं.

गेल्या उन्हाळ्यात बेलडोह पुन्हा आटत आला. अण्णा तीन दिवस काठावर बसून बुडबुडे मोजत होते. चौथ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी माझ्याकडं आले.

"दोनच हायत," ते म्हणाले. "एक नर, एक मादी. जोडीनं फिरायल्यात. ही जोडी गेली की बेलडोहातली मरळ संपली बघ, अमर. माझ्या हातनं संपली म्हनायची."

नर दुसऱ्याच दिवशी आला आणि शेषेरावच्या विहिरीत गेला. मादीनं आठ दिवस खेळवलं. बेडकी जवळून गेली की नुसती मागं मागं यायची आणि परत फिरायची. अण्णांनी बेडकीचा एक पाय कापला, मग दुसरा बारीक केला, मग ओढायची चाल संथ केली. आठव्या दिवशी दुपार कलताना त्यांनी बेडकी फांदीखाली टाकली आणि हलवलीच नाही. मला वाटलं, झोप लागली उभ्या उभ्या. पाणी फुटलं. अण्णांचे ओठ हलले, पाच झाले, काठी वाकली. मी ओलं पोतं पसरून उभा होतो. माझ्या दंडाएवढी मादी होती, पोटाला पिवळसर झाक असलेली. अण्णांनी तिच्या ओठाला बोट लावून बघितलं.

"रगत न्हाई," ते म्हणाले. "बघ की. टिपूससुदिक न्हाई."

इतका खूश झालेला माणूस मी वीरेशच्या लग्नातही बघितला नव्हता. मला तिथंच काठावर बसून रडावंसं वाटलं. पोतं गाडीवर घेताना मी एवढंच म्हणालो, "अण्णा, ह्या येळंला जोडी दुसरीकडं ठिवू की. माझ्या सासऱ्याची इहीर हाय देवणीकडं."

"का?"

"असंच."

"आरं येडा का खुळा? शेषाला काय वाटंल? आठ वर्सं संभाळायलाय बिचारा." आणि ते गाडीवर बसले. गाडी मी चालवली. शेषेरावच्या विहिरीपर्यंत मीच नेऊन पोचवलं.

आखाडातला दुसरा रविवार. दुपारचे दोन वाजले असतील. चिंचेखाली चाळीस माणसांची पंगत बसली होती. या वर्षी बाकीच्या मरळी खरोखर बाहेरून आणल्या होत्या, पण तालुक्याच्या साहेबांच्या ओळीला डोहातली जोडी होती. मी त्याच ओळीत होतो. शेषेराव मला अलीकडं मुद्दाम त्या ओळीत बसवायचा. गप्प राहणाऱ्याचाही मान असतो.

आणि शेताच्या वाटेनं अण्णा आले. खांद्यावर ओलं पोतं.

त्यांच्या सुनेनं, अक्षरानं, त्यांना मोबाइलवर दाखवलं होतं की मरळ आषाढातच अंडी घालते, आणि त्याला गवत-शेवाळ लागतं. विहिरीत ते कुठलं? नदीला थोडं पाणी आलंच होतं. म्हणून श्रावणाची वाट न बघता जोडी आजच नेऊन सोडावी, एवढ्या साध्या विचारानं ते आले होते. सिंधुबाई, शेषेरावची बायको, चुलीपाशी होत्या. त्यांनी अण्णांना लांबूनच बघितलं आणि रश्श्याच्या पातेल्यावर झाकण ठेवून तोंड फिरवलं.

अण्णा पंगतीपाशी येऊन थबकले. मांसाहाराची पंगत आहे एवढं त्यांना वासानं कळलं. त्यांनी उपरण्यानं नाक झाकलं नाही, आम्हाला वाईट वाटेल म्हणून.

"मटनाचा बेत दिसतो," ते म्हणाले. "बसा, बसा, कुनी उठू नका. शेषा, मी इहिरीकडं जातो. ती जोडी न्यायचीय."

शेषेराव पाण्याचा जग हातात घेऊन उभा होता. "आरं आज कशाला... जेवणावळ हाय... उद्या ये की." अण्णा तोपर्यंत पायऱ्या उतरायला लागले होते.

शिजलेला मासा त्यांनी उभ्या जन्मात बघितला नव्हता. आमच्या ताटांसमोरून ते गेले आणि त्यांना कळलं नाही.

माझ्या जागेवरून विहिरीच्या वरच्या पायऱ्या दिसत होत्या. अण्णा चपला काढून खाली पाण्याच्या पायरीवर बसले. मला त्यांची पांढरी टोपी तेवढी दिसायची. ते बुडबुड्याची वाट बघत होते. पाच मिनिटं. दहा. साहेबांना काही माहीत नव्हतं, ते अजून भात मागत होते, बाकीचे ताटाकडं बघत घास चिवडत होते. वीस मिनिटं झाली. टोपी हलली नाही. मरळ दम धरून तरी किती धरणार? हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि सगळ्यात जास्त त्या पायरीवर बसलेल्या माणसाला. तरी ते उठले नाहीत. तासभर बसले.

वर आले तेव्हा पोतं वाळलं होतं.

"शेषा, इहिरीत कायच न्हाई."

"आरं, परवाच सोडल्या की नदीला," शेषेराव म्हणाला. सात वर्षांच्या सवयीनं त्याला अडखळावंसुद्धा लागलं नाही. "पानी आलं म्हणलं, कशाला थांबा. तुला सांगायचं राहून गेलं बघ."

अण्णांचा चेहरा क्षणभर निवळला. ते विश्वास ठेवायला तयारच होते. मग का कुणास ठाऊक, त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"अमर, सोडल्या का रे?"

माझ्या तोंडात घास होता. तो गिळून 'हाव' म्हणायचं, एवढंच करायचं होतं. ते मला जमलं नाही.

"न्हाई, अण्णा."

"मग कुठं हायत?"

मी ताटाकडं बघितलं. अण्णांनीही बघितलं. रश्श्यात पडलेला तुकडा, त्याच्या कडेला सुटलेली काळी कातडी. त्यांना ओळखायला वेळ लागला. मग ते वाकले आणि बोटानं ताटाची कड धरली.

"ही?"

"हाव."

कोणीतरी खाकरलं. शेषेराव पुढं आला. "आरं बसप्पा, एवढं काय त्यात? मासाच हाय की. पुढच्या साली दहा आनून सोडू."

अण्णांनी त्याच्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. "तुला कवापासून ठाऊक?" त्यांनी मला विचारलं.

"पाच वर्सं."

त्यांनी मनाशी जुळवून बघितलं. मला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, वर्षामागून वर्ष.

"म्हंजे गळ घासायलास, तवा ठाऊक होतं."

"हाव."

"मी म्हनायचो, माझ्या हातानं मरायल्यात. आन तू म्हनायचास, अजून जरा घासू." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "शेषाला खायाचं होतं, त्यानं खाल्लं. तू घासून कशापायी देत होतास रे?"

त्यांनी ताटाची कड सोडली. मग वाळलेलं पोतं खांद्यावर टाकून ते आल्या वाटेनं गेले. पंगत उठली. साहेबांनी विचारलं, म्हातारा कोण होता, आणि शेषेराव म्हणाला, "दोस्त हाय माझा. जरा हळवा हाय."

अण्णांनी शेषेरावशी भांडण केलं नाही. गावात कोणापाशी बोलले नाहीत. काठी आणि गळ माझ्याच दुकानात पडून आहेत, मागत नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी वेळेवर दुकान उघडलं, दारात सडा घातला, विभूती लावून गादीवर बसले. मी सकाळभर भिंतीच्या अलीकडं एक मोटार उघडून बसलो होतो, एक वेढा तार भरली नाही. दहाच्या सुमाराला धीर करून उठलो आणि चहाच्या पुडीचं निमित्त करून त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. म्हटलं, शिव्या देतील, तर खाऊ.

अण्णांनी वर बघितलं. कोणत्याही गिऱ्हाइकाकडं बघतात तसं बघितलं, आणि गादीवरून थोडं सावरून बसले.

"या अमरनाथराव," ते म्हणाले. "काय देऊ तुम्हाला?"